अण्णांचा डावा अंगठा

अण्णांनी फेकलेला तळहाताएवढा गेम थेट श्रेणिकच्या आमटीच्या वाटीत पडला. आमटी त्याच्या पांढऱ्या शर्टावर उडाली. मी शर्टाकडे न बघता आधी गेम उचलला, बॅटरी काढली आणि ओढणीनं पुसायला लागले. माणूस आणि यंत्र एकदम भिजलं तर आधी यंत्र कोरडं करायचं, ही आमच्यासारख्या छंदिष्टांची खोडच आहे. श्रेणिक ते बघत राहिला.

“ताई, पुरे कर आता,” तो म्हणाला. “अण्णांना समजत नाही. तू उगीच त्यांच्या मागं लागलीयस.”

“डॉक्टर काय म्हणाले विसरलास? समज शाबूत आहे म्हणाले.”

“मग हे काय?” त्यानं शर्टावरचा डाग दाखवला.

अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. उन्हाळ्यात त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. कान ठीक, डोळे ठीक, पण घसा आणि जीभ ऐकेनात. डावा हात आधीपासूनच खांद्यात धरलेला, वर उचलत नव्हता. बोटं तेवढी हलत होती. पेन धरायला दिलं तर कागदावर नुसत्या गिरगोट्या उमटायच्या. हो की नाही, एवढं मानेनं चालायचं. पण हो-नाही हे दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर असतं. माणसाला स्वतःहून काही म्हणायचं असेल तर त्यानं काय करायचं? आयुष्यभर वर्गावर ओरडलेला माणूस आमच्या तोंडाकडे बघत पडून राहायचा, ते मला बघवत नव्हतं.

म्हणून मी हा उद्योग केला होता. माझ्याकडे हातात धरून खेळायचे पुष्कळ गेम होते, बरेचसे भंगारवाल्याकडून आणून दुरुस्त केलेले. त्यातल्या एकाची मोडतोड करून आपला स्वतःचा प्रोग्रॅम चालवता यायचा. दिशांची चार बटणं डाव्या अंगाला, आणि डाव्याच कोपऱ्यात वरती आणखी एक. म्हणजे अंगठ्यानं अक्षरापर्यंत जायचं आणि पहिल्या बोटानं ते टिपायचं. एक हात पुरे. यंत्राला देवनागरी येत नव्हती, तर मी एकेक अक्षर चित्र म्हणून काढलं. पडद्यावर क, ख, ग, घ असे नीट ओळीत बसवले. खुशीत होते अगदी. अण्णांनी जरा वेळ अंगठा इकडेतिकडे फिरवला, काहीतरी शोधल्यासारखं केलं, तोंड लाल झालं आणि गेम आमटीत. कुठून जोर आणला कोण जाणे.

श्रेणिक माझा धाकटा भाऊ. पुण्याला नोकरी, बायको, मुलगी. महिन्यातून एकदा सांगलीला यायचा. शर्ट धुऊन आला आणि माझ्या कॉम्प्युटरच्या खुर्चीवर बसला.

“पुढच्या रविवारी आत्याला बोलावलंय,” तो म्हणाला. “तिच्यासमोर काय ते ठरवून टाकू. हे घर तुझ्या नावावर करायचं. मला यातलं काही नको. तू इथं, अण्णा इथं. मदतीला बाई ठेव. तिचं मी बघतो. तुला पण स्थैर्य येईल, मला पण घोर राहणार नाही.”

“कायमचं?”

“म्हणजे काय? तू कुठं जाणारेस?”

अगदी मनापासून बोलत होता बिचारा. मनात काळंबेरं असतं तर भांडता तरी आलं असतं. चांगुलपणाशी भांडायला तोंड नसतं. मी मान हलवली आणि त्याचा शर्ट दोरीवर वाळत घातला.

मी तेव्हा छत्तिशीत होते. लग्न झालं नव्हतं, होईल असं कुणी आता म्हणतही नव्हतं. एका कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी होती, ती अण्णांच्या आजारपणात सोडली. राहायचे आमच्या वरच्या खोलीत. एका भिंतीला तीन कॉम्प्युटर, तिन्हींची झाकणं उघडी, कारण झाकण लावलं की दुसऱ्या दिवशी काहीतरी बिघडतंच. समोरच्या भिंतीला अण्णांची कॉट. मधे जेमतेम एक खुर्ची फिरेल एवढी जागा. सकाळी अण्णांना पुसून काढायचं, भरवायचं, कूस बदलायची. मग कॉम्प्युटरमधली रॅम काढून खोडरबरानं घासायची, परत बसवायची. परत कूस बदलायची. भारनियमन सुरू झालं की यूपीएस बोंबलायचा, तो बंद करून मी खिडकीत बसून हातातला गेम खेळायची. त्यात एक माणूस उड्या मारत उजवीकडे पळत असतो, आणि डावीकडे परत येता येत नाही. बटण दाबायचं थांबलं की तो जागच्या जागी श्वास घेत उभा राहतो. मला वाटायचं, ह्याला निदान उजवीकडे रस्ता तरी आहे.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मी केलेला एक छोटा गेम इंटरनेटवर टाकला होता. तो बघून बंगळूरच्या एका कंपनीनं मला नोकरीसाठी विचारलं होतं. मोबाइलसाठी गेम करायचे. रेवती नावाच्या बाई फोन करायच्या. मी दरवेळी म्हणायची, वडिलांची तब्येत बरी नाही, थोडा वेळ द्या. त्या वेळ देत होत्या. आता म्हणाल्या होत्या की सोमवारी शेवटचं काय ते कळवा, नाहीतर आम्ही दुसरं कुणी बघतो. रविवारी घर माझ्या नावावर होणार होतं, आणि सोमवारी मी नाही म्हणून कळवणार होते. ठरल्यासारखंच होतं. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं मात्र सारखं वाटायचं.

मंगळवारी की बुधवारी, दुपारची वीज गेलेली. रेवतीबाईंचा फोन येऊन गेला होता. अण्णांच्या कॉटच्या कडेला बसूनच मी बोलले. नाही, अजून नक्की नाही, वडील असे आहेत, मी कसं सांगू, वगैरे. फोन ठेवला. पंखा बंद, यूपीएस बंद, खोलीत एकदम शांत. त्या शांततेत टप टप असं ऐकू आलं. अण्णांच्या चादरीखाली रबरी शीट घातलेलं होतं, त्यावर त्यांची बोटं वाजत होती.

आधी वाटलं, वैतागलेत. मग नीट बघितलं. करंगळी, तिच्याशेजारचं बोट, मधलं, पहिलं. परत पहिलं, मधलं, शेजारचं, करंगळी. शेवटी अंगठा. परत करंगळी.

मला लहानपणापासून ठाऊक होतं ते. अण्णांची खाली टायपिंग इन्स्टिट्यूट होती. सांगलीतल्या निम्म्या कारकुनांना त्यांनी टायपिंग शिकवलं होतं. मुलं येऊन बसली की अण्णा त्यांच्या बोटांवर रुमाल टाकायचे. कीबोर्ड दिसता कामा नये. कुणी रुमाल उचलून डोकावलं तर पाठीत धपाटा. “अक्षर शोधायचं नाही,” म्हणायचे. “ते आपल्या जागेवर आहे. बोट तिथं गेलं पाहिजे.” मलाही बसवलं होतं एका सुट्टीत. मी रुमालाखाली इतकं चोरून बघायची की त्यांनी माझा नाद सोडला. पुढं कॉम्प्युटर आले, इन्स्टिट्यूट बसली. घरात पहिला कॉम्प्युटर मीच आणला, तेव्हा अण्णा माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते.

आणि त्या माणसाला मी पहिलीच्या पुस्तकासारखी क ख ग घ ची पाटी दिली होती. त्यांच्या डोक्यात ख हा काही क च्या शेजारी राहतच नव्हता. चाळीस वर्षं ज्याचं घर एका जागी आहे, त्याला मी भलत्याच गल्लीत नेऊन बसवलं. शाळेत क ख ग घ शिकतात म्हणून सगळ्यांना तेच सोपं, असं धरून चालले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची ही नेहमीची चूक. आपल्याला जे सोपं, ते जगाला सोपं.

मी खाली गेले. इन्स्टिट्यूटच्या खोलीत एकच मराठी टाइपरायटर उरला होता. त्याचं कव्हर काढून, कुठलं अक्षर कुठं आहे ते उतरवून आणलं. वीज आल्यावर बसले ती दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं तेही विसरले. आमच्या जैनांच्या घरात हे आक्रीत. वरच्या ओळीला वरची अक्षरं, मधल्या ओळीला मधली. अर्धी अक्षरं वेगळी, काना वेगळा, सगळं टाइपरायटरवर असतं तसं. मग गेम अण्णांच्या डाव्या हातात दिला.

त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. अंगठा हलला, आणि हलायला लागला तो थांबेना. भरभर नव्हे, पण चाचपडणंही नव्हतं. जायचं तिथं सरळ जायचा. इतक्या महिन्यांनी वडील काय बोलणार? मला हाक मारतील? आईची आठवण काढतील?

पडद्यावर आलं: “ळ चुकीच्या जागी.”

मी हसले आणि मग रडले. दोन्ही एकदम. लपवायचं काय त्यात? ळ दुरुस्त केला. त्यानंतरचं वाक्य होतं, “चहात साखर फार.” एवढे महिने मी त्यांना प्रेमानं पाक पाजत होते.

मग त्या आठवड्यात आम्ही बोललो. उशी खाली घे. शेजाऱ्यांचा टीव्ही मोठा आहे. श्रेणिकच्या शर्टाचा डाग गेला का? मी हसत सुटायची. एकदा न राहवून विचारलं, “अण्णा, रविवारी तुम्हाला विचारतील. कुठं राहायचं तुम्हाला?”

अंगठा जरा थांबला. “बघू.”

बघू म्हणजे इथंच, मी मनाशी म्हटलं. माझ्याजवळच. मला हायसं वाटलं, आणि छातीवरचा पाटा तिथंच राहिला. दोन्ही एका वेळी कसं वाटतं, ते तेव्हा मला कळत नव्हतं.

रविवारी आत्या आली. चंपाआत्या, अण्णांची थोरली बहीण, सामडोळी गावची. देवळातून तशीच आली होती, कपाळावर गंध. जिन्यात दोनदा बसून वर पोचली आणि अण्णांच्या पायाशी टेकली.

“बाळ्या वाळला की रं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “श्रेणिकनं सांगितलं मला सगळं. झ्याक केलंय. घर तुझं. पोरीच्या जातीला हक्काचा निवारा पायजे. बापाची सेवा घडतीया, आणि काय पायजे?”

“तसंच म्हणतोय मी पण,” श्रेणिक म्हणाला. “ताईनं फक्त हो म्हणायचं.”

दोघं माझ्याकडे बघायला लागले. हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. पण शब्द आला तो वेगळाच.

“आधी अण्णांना विचारू या.”

श्रेणिकनं सुस्कारा टाकला. “ताई, परत ते नको.”

“आता जमतं त्यांना. तीन-चार दिवस बोलतोय आम्ही.”

“तू बोलतेस. ते बोलतात असं तुला वाटतं,” तो मऊ आवाजात म्हणाला. “तो पडदा एवढासा. वाचणार तूच, सांगणार तूच.”

मला झोंबलं ते. पण बरोबर होतं. मी काहीही सांगितलं असतं, त्यांना काय कळणार? मी गेम अण्णांच्या हातात दिला आणि मागं सरले. अण्णांनी टाइप केलं. मग डोळ्यांनी श्रेणिकला खूण केली, मला नाही. तो वाकला आणि त्यानं वाचलं, “श्रेणिक इकडे बस.”

तो बसला. मटकन बसला असं म्हणायला हवं. चेहरा असा झाला की मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. तो पडद्याला नाक लावून एकेक अक्षर ओठांत पुटपुटत होता. मला पडदा दिसत नव्हता. आत्या माझा हात धरून होती. अण्णांचा अंगठा चालला, थांबला, चालला. मी वाट बघत होते. ‘मला इथंच राहायचंय, पद्मजाजवळ.’ हेच येणार होतं, दुसरं काय येणार?

श्रेणिकनं मान वर केली.

“ताई, बंगळूरचं काय आहे?”

मी आत्याचा हात सोडवला. “काय?”

“‘पद्मजाला बंगळूरला जाऊ दे,’ म्हणतायत. कुठली रेवती म्हणून बाई आहे, तिला सोमवारी कळवायचंय म्हणे.”

त्यांच्या उशाशी बसून मी फोनवर बोलत होते. दरवेळी. जसं कपाटासमोर बोलावं तसं. समज शाबूत आहे म्हणून जगाशी भांडणारी मी, आणि माझ्याही मनात हे आलं नव्हतं की अण्णा ऐकतायत. ते ऐकत होते, आणि बोलता येत नव्हतं म्हणून साठवून ठेवत होते.

मी सगळं सांगितलं. आत्याला गेम करायची नोकरी म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. “खेळायचा पगार देत्यात?” असं तिनं दोनदा विचारलं. श्रेणिक मात्र पडदा वाचतच होता, आणि आता त्याचा चेहरा वेगळ्या कारणानं पडत चालला होता.

“अण्णा, पुण्याला माझ्याकडे राहायला कसं जमेल?” तो म्हणाला. “तिसरा मजला आहे. लिफ्ट सारखी बंद असते.”

अंगठा हलला. श्रेणिकनं वाचलं. “‘दुरुस्त कर.’”

“आणि आम्ही दोघं दिवसभर बाहेर.”

“‘बाई ठेव. तूच म्हणालास.’”

आत्या फिसकन हसली. पदर तोंडाला लावून म्हणाली, “बाळ्याची खोड गेली न्हाई. वर्गात असंच पोरांना धरायचा.”

श्रेणिक वाईट नव्हता, हे आधीच सांगितलंय. जरा वेळ तो हात चोळत बसला. मग म्हणाला, “बरं. मी बघतो. बायकोला विचारतो, पण ती नाही म्हणणार नाही. नेतो मी.” आणि अण्णांच्या हातावर हात ठेवला.

सगळं मार्गी लागलं होतं. दार उघडलं होतं. आणि मला एवढा संताप आला की काय सांगू. मी पुढं झाले.

“मला कुणी विचारलं का?” मी म्हणाले. “आधी ह्या दोघांनी परस्पर ठरवलं मी इथं राहायचं. आता तुम्ही ठरवताय मी जायचं. मला कंटाळा आलाय असं म्हणाले का मी कधी? मी अडकलेली नाही इथं. माझ्या खुशीनं राहिलेय. तुम्हाला असं टाकून मी जाऊ कुठं? तुमच्यासाठी राहिलेय मी, अण्णा.”

आवाज चढला होता माझा. श्रेणिकनं गेम अण्णांच्या हातात होता तसा सोडला आणि बाजूला झाला. आत्याही उठून उभी राहिली. अण्णा माझ्याकडे बघत होते. झटक्यानं एका बाजूला ओढलेलं तोंड, पण डोळे तेच, रुमाल टाकून मागं उभे राहायचे तेव्हाचे. त्यांनी डोळ्यांनीच मला जवळ बोलावलं.

मी वाकले. अंगठा सावकाश चालला. मधेच घसरला, परत आला. एकेक अक्षर येत होतं आणि मी ते मनात जुळवत होते, आणि पुढचं येऊ नये असं मला वाटायला लागलं होतं.

“माझं निमित्त करू नको.”

मी ते परत वाचलं. पुण्याची नोकरी आली होती तेव्हा आई आजारी होती. मुंबईची आली तेव्हा श्रेणिकचं शिक्षण चालू होतं. एक चांगलं स्थळ आलं होतं नाशिकचं, तेव्हा इन्स्टिट्यूट बंद पडत होती आणि अण्णांना एकटं कसं सोडायचं, असं मीच म्हणाले होते. कुणी मला अडवलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही, तीही जा म्हणत होती. बाहेरच्या जगाची भीती वाटते असं म्हणायची लाज वाटते. घरात आजारी माणूस असलं की तसं म्हणावं लागत नाही. आणि तो माणूस महिनोन्महिने माझ्या समोर पडून, माझ्या फोनवरच्या प्रत्येक वाक्यात आपलं नाव ऐकत होता.

“काय म्हणतायत?” श्रेणिकनं विचारलं.

मी त्याला सांगितलं नाही. आज इतक्या वर्षांनी, अण्णा गेल्यावर, पहिल्यांदाच सांगते आहे. मी वळून खुर्ची ओढली, कॉम्प्युटर सुरू केला आणि रेवतीबाईंचा मेल उघडला. एकही अक्षर धड सापडत नव्हतं. मागून आत्या विचारत होती, “पद्मे, सगळं चांगलंच झालं की गं. रडायला काय झालं?”

मी येते म्हणून कळवून टाकलं.